जुनी मोटारसायकल बंद पडली तर: इंजिनाची घरच्या घरी तपासणी

गाडी बंद पडली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. गाडीचा मालक घाम फुटेपर्यंत किक मारत राहतो आणि आजूबाजूला जमलेले लोक निदान सांगू लागतात. ‘प्लग गेला असणार.’ ‘पेट्रोलमध्ये कचरा आलाय.’ ‘सीडीआय बदलून टाक, माझ्या मेहुण्याच्या गाडीला तेच झालं होतं.’ यातलं काहीही खरं असू शकतं, म्हणूनच त्याचा फारसा उपयोग नसतो. अंदाजाने प्लग बदलला, मग कॉइल बदलली, मग कार्ब्युरेटर नवा टाकला आणि शेवटी टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं निघालं, असे खर्च घरोघरी झालेले आहेत.

जुन्या गाडीच्या बाबतीत एकच नियम पाळायचा: आधी तपासणी, मग पाना, आणि पार्ट सगळ्यात शेवटी. तपासणी ठरलेल्या क्रमाने केली तर बरेचसे बिघाड घरच्या ओट्यावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात. जे घरी दुरुस्त होत नाहीत, ते निदान नेमके कुठे आहेत एवढं तरी कळतं.

हा लेख कार्ब्युरेटरच्या, हवेवर थंड होणाऱ्या, एक सिलिंडरच्या मोटारसायकलींसाठी आहे. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, डिस्कव्हर, शाइन, जुनी पल्सर अशा गाड्या अजूनही गावोगावी रोजच्या वापरात आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना संगणकाची गरज नाही. त्या डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने तपासता येतात.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोलचं इंजिन चालायला चार गोष्टी लागतात: योग्य वेळी पडणारी ठिणगी, पेट्रोल, हवा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही असतील तर इंजिन चालू होतंच. होत नसेल तर यातलं काहीतरी कमी आहे किंवा जास्त आहे. कुठलाही बिघाड या चारपैकी एका खात्यात टाकता येतो, म्हणून पहिलं काम खातं ओळखण्याचं. पार्टचं नाव नंतर.

दुसरी शिस्त म्हणजे एका वेळी एकच बदल. प्लग, फिल्टर आणि एअर स्क्रू एकाच दिवशी हलवले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर मात्र तिन्ही पुन्हा तपासावे लागतात.

हत्यारं आणि खबरदारी

फार काही लागत नाही. प्लग पाना, आठ ते सतरा नंबरपर्यंतचे रिंग-फिक्स पाने, खाचेत घट्ट बसतील असे दोन स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज, जुना टूथब्रश, बॅटरी (टॉर्च), एक पारदर्शक बाटली आणि काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर. सोबत गाडीचं मॅन्युअल ठेवा. प्लगचा नंबर, ऑइलचा दर्जा आणि टॅपेटचं (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं) अंतर हे आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते पाठ असल्याच्या भरवशावर राहू नका. काही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. निघालेले स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये काढल्याच्या क्रमाने ठेवले की बसवताना एकही ‘जास्तीचा’ उरत नाही.

खबरदारीत मात्र सवलत नाही. पेट्रोलचं काम उघड्यावर करा. जवळ विडी-सिगारेट, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी काही नको. बंद खोलीत किंवा शटर पाडलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी हवी. प्लग नेहमी थंड इंजिनातूनच काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात आणि वीस मिनिटांचं काम लेथवर जाऊन पोहोचतं.

पहिली दोन मिनिटं: हत्याराविना

पाना हातात घेण्याआधी एवढं बघा. टाकीत पेट्रोल आहे का? टाकी हलवून आवाजावर जाऊ नका, झाकण उघडून बघा. कॉक ‘ऑन’वर आहे की कुणीतरी बंद केलाय? पेट्रोल कमी असेल तर ‘रिझर्व्ह’वर करा. किल स्विच असेल तर तो चुकून दाबला गेलाय का? मुलांचा हात तिथे हमखास जातो. प्लगची टोपी घट्ट बसली आहे का? चोक अर्धवट ओढलेला तर राहिला नाही?

मग ऑइल. जुनी इंजिनं थोडंफार ऑइल खातात आणि मालकाला ते कळत नाही. काडी पुसून पातळी बघा. काही गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर बाकीची तपासणी थांबवा आणि आधी ऑइल भरा. काडीवर दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलं आहे. अशा ऑइलवर इंजिन चालवू नका.

ठिणगी

प्लगभोवतीची माती फुंकरीने किंवा ब्रशने काढा, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढा, टोपीत बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या बिनरंगाच्या जागेवर घट्ट टेकवा. प्लगचं भोक फडक्याने झाका आणि प्लग भोकापासून लांब धरा. आतून पेट्रोलची वाफ येत असते. टोपी कोरड्या हातमोज्याने धरून चावी चालू करा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. प्लग हवेत अधांतरी धरून किक मारू नका, झटका बसतो आणि सीडीआयवर, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावरही ताण येतो.

निळसर, कडक, ‘टक्’ आवाजाची ठिणगी दिसली तर ठिणगीचं खातं बहुधा ठीक आहे. फिकट नारिंगी, अधूनमधून पडणारी असेल तर दुसरा चांगला प्लग लावून बघा. ठिणगीच नसेल तर टोपी पिळून काढा आणि वायरचं टोक बघा. तिथे हिरवट गंज असतो. पाच-सहा मिलिमीटर वायर कापून टोपी पुन्हा पिळून बसवली की बऱ्याचदा काम होतं. त्यानंतर चावीचा स्विच, टाकीखालची सॉकेटं आणि इंजिनाला आलेली अर्थ वायर तपासा. उंदरांनी कुरतडलेली वायर हे ग्रामीण भागातलं अगदी नेहमीचं कारण आहे, विशेषतः गाडी पडवीत किंवा गोठ्याशेजारी उभी असेल तर. एवढं करूनही ठिणगी नसेल तर ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल आणि सीडीआय हे तिघे उरतात. यांची घरी करता येईल अशी सर्वांत सोपी तपासणी: त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा पार्ट तात्पुरता लावून बघणं.

बॅटरीबद्दल मोठा गैरसमज आहे. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ठिणगीला बॅटरी लागत नाही, बॅटरी मेली तरी किकवर गाडी चालू होते. बॅटरीवर चालणाऱ्या डीसी सीडीआयच्या गाड्यांत मात्र बॅटरी बसली की ठिणगीही जाते. मल्टिमीटरने बघा: रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली ती जवळपास रिकामी असते. इंजिन चालू करून रेस दिली की आकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जिंगमध्ये बिघाड आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. बल्ब वारंवार उडत असतील तर त्याचं कारण बहुधा हेच.

काढलेला प्लग लगेच फेकू नका. आत काय चाललंय याची नोंद त्याच्या टोकावर असते.

- कॉफीसारखा किंवा फिकट तपकिरी रंग: सगळं ठीक.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि चोक बघा.
- काळा, तेलकट, चिकट: ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील.
- पांढराफटक: पेट्रोल कमी किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. इंजिन तापतंय, असंच चालवू नका.
- पेट्रोलने ओला: ठिणगी पडत नाही किंवा इंजिन पेट्रोलने भरलंय.

शेवटच्या प्रकारात कॉक बंद करा, प्लग पुसून वाळवा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किक मारा आणि मगच प्लग लावा. प्लगचं अंतर बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतं. बसवताना आधी हातानेच पूर्ण आत फिरवा. मग पान्याने जुना प्लग पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. नवा असेल तर वॉशर दबण्यापुरता अर्धा फेरा पुरे. पल्सर डीटीएस-आयसारख्या गाड्यांना दोन प्लग असतात. एक मेला तरी गाडी चालू राहते, फक्त मंदावते. म्हणून दोन्ही बघा.

पेट्रोल

ठिणगी आहे, प्लग कोरडा आहे, तरी गाडी चालू होत नाही, तेव्हा पेट्रोल खाली पोहोचत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीला तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली बाटली धरून तो सैल करा. धार सलग आली पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडताच धार सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. बारीक तारेने साफ करा. सुधारली नाही तर कॉकची जाळी किंवा पाइप तुंबलाय.

बाटलीतलं पेट्रोल पाच मिनिटं स्थिर राहू द्या. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि इंजिनाला नेमका तोच आधी मिळतो. अशा वेळी टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करावी लागतात, नुसतं वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही.

इथेनॉलच्या निमित्ताने दोन गोष्टी. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे जास्त इथेनॉलच्या पेट्रोलवर मायलेज थोडं घटणं साहजिक आहे. तेवढ्यावरून कार्ब्युरेटर ‘सेट’ करायला धावू नका. आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, ओ-रिंग, फ्लोटची पिन या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. कडक झालेला, तडा गेलेला किंवा फुगलेला पाइप बदलून टाका. आगीचा धोका या पाइपातच सर्वांत जास्त आहे.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपकत असेल, म्हणजे ओव्हरफ्लो होत असेल, तर फ्लोटच्या पिनवर कचरा अडकलाय किंवा पिन झिजलीय. पहिला उपाय साधा: कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल काढा, कॉक उघडून पुन्हा भरू द्या. कधी कधी कचरा धारेबरोबर निघून जातो. नाही गेला तर वाटी उघडा.

गाडी बरेच महिने उभी असेल, चोकवर चालू होत असेल आणि चोक काढला की बंद पडत असेल, तर मेकॅनिक ज्याला स्लो जेट म्हणतात ते पायलट जेट तुंबलंय. त्याचं भोक केसाएवढं असतं, सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर तिथे आधी बसतो. जेट काढा, कार्ब्युरेटर क्लीनर मारा, थोडं थांबा आणि हवा मारा. उजेडासमोर धरल्यावर भोकातून स्वच्छ आरपार दिसलं पाहिजे. तार किंवा सुई घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. एअर स्क्रू काढण्याआधी तो आतपर्यंत हलकेच फिरवून किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. बसवताना तोच आकडा कामी येतो.

हवा

एअर फिल्टर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पार्ट. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. आतून बाहेरच्या दिशेने हलकी हवा मारा, काळा पडला असेल तर बदला. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून, वाळवून, ऑइलचे थोडे थेंब मुरवून बसवायचा. फिल्टरचा डबा उघडलात की आत उंदराने चिंध्या-गवत नेऊन ठेवलंय का तेही बघा. उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे अनेकदा निघतं. फिल्टर काढून ‘पिकअप वाढतो का’ बघण्याचा प्रयोग रस्त्यावर करू नका. आपल्याकडची धूळ सिलिंडर खरवडायला पुरेशी आहे.

याच्या उलट बिघाड म्हणजे नको तिथून शिरणारी हवा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला तडे जातात. मग रेस आपोआप वर-खाली होते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, उतारावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. चालू इंजिनाच्या त्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. क्षणभर रेस बदलली तर गळती तिथेच आहे. पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे गरम इंजिनावर मारून ही चाचणी करण्याची पद्धत दिसते, ती धोक्याची आहे.

हँडल पूर्ण वळवल्यावर रेस बदलते का तेही बघा. बदलत असेल तर दोष इंजिनाचा नाही, ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली किंवा चुकीच्या वाटेने गेलेली आहे.

कॉम्प्रेशन

ठिणगी, पेट्रोल, हवा तिन्ही ठीक आणि तरी गाडी मेलेली, तेव्हा किक हाताने हळूहळू दाबून बघा. एका जागी स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. किक लोण्यातून जावी तशी सहज गेली तर दाब गळतोय. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवून किक मारली तर चांगलं इंजिन अंगठा उडवून लावतं. गेज असेल तर उत्तमच.

दाब कमी वाटला तर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन किक मारून पुन्हा तपासा. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरून काढली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. या एका चमचा ऑइलने मेकॅनिककडचा अर्धा वाद मिटतो.

व्हॉल्व्हचा संशय आला तर आधी टॅपेटचं अंतर बघा. बऱ्याच लोकांना टॅपेटचा आवाज म्हणजे बिघाड वाटतो आणि ते घट्ट करून घेतात. खरं तर वापराबरोबर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल जातो आणि अंतर आपोआप कमी होत जातं. अंतर शून्य झालं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. म्हणून जुन्या इंजिनाचा टॅपेट अजिबात वाजत नसेल तर ती आनंदाची बातमी असेलच असं नाही. तपासणी पूर्ण थंड इंजिनावर करायची: मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवायची, दोन्ही रॉकर हाताला थोडे सैल लागतात ना ते बघायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याचं फीलर गेज किंचित घासत जाईल एवढी फट ठेवायची.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

हा बिघाड लोकांना सर्वांत छळतो. सकाळी एका किकमध्ये चालू, दहा-पंधरा किलोमीटरवर बंद, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. मेकॅनिककडे न्यावी तर तिथे शहाण्यासारखी चालते. याची कारणं मुख्यतः तीन आणि ती बंद पडल्याच्या जागीच ओळखावी लागतात. म्हणून प्लग पाना आणि एक जादा प्लग गाडीत ठेवा.

बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. ‘स्स्’ असा हवा आत गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं भोक. तसं नसेल तर गाडीतला जादा प्लग टोपीत लावून ठिणगी बघा. जुना प्लग काढायची गरज नाही, गरम इंजिनावर ते करूही नका. ठिणगी नसेल आणि गार झाल्यावर ती परत येत असेल, तर तापल्यावर दगा देणारी पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल किंवा सीडीआय. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही आहेत पण किक हलकी लागतेय, तर टॅपेट घट्ट आहे.

‘गाडी ओढत नाही’

ही तक्रार दर वेळी इंजिनाची नसते. मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून बघा. ब्रेक धरून ठेवतोय का, चेन अति ताठ आहे का ते कळेल. मग मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेटा घसरतायत. क्लच केबलला थोडी ढील आहे ना ते आधी बघा, बऱ्याचदा प्लेटा शाबूत असतात. हे सगळं ठीक असेल तरच फिल्टर, प्लग, जेट आणि कॉम्प्रेशनकडे वळा.

घाटात एक गोष्ट लक्षात ठेवा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा विरळ असते आणि कार्ब्युरेटर ते ओळखू शकत नाही, त्यामुळे पेट्रोलचं प्रमाण जास्त होऊन गाडी थोडी मंद वाटते. खाली उतरल्यावर ती पूर्ववत होते. वर असताना जेटमध्ये हात घालू नका.

धूर आणि आवाज

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी चालू करताना फक्त थोडा येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, रेस देताना सतत येत असेल तर रिंगांवर. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ ही सायलेन्सरमधली ओल असते, ती काही मिनिटांत जाते.

आवाजांचं थोडक्यात असं. वरून येणारी बारीक, तालातली टिकटिक टॅपेटची. बाजूने येणारी खरखर, विशेषतः रेस सोडताना, बहुधा टायमिंग चेन किंवा तिच्या टेन्शनरची. तळातून येणारा जड ठोका, जो ओझं पडल्यावर वाढतो, तो कनेक्टिंग रॉड किंवा क्रँकच्या बेअरिंगचा. हा तिसरा आवाज ऐकला की इंजिन बंद करा आणि गाडी टेम्पोत घालून न्या. ‘हळूहळू चालवत नेतो’ म्हणून निघालेल्या प्रवासात दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

पीयूसीचा कागद वाचा

पीयूसी आपण पोलिसांना दाखवायला करतो आणि डिकीत टाकतो. प्रत्यक्षात त्यावर इंजिनाची दोन मोजमापं छापलेली असतात: कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींसाठी मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम आहेत. पास-नापास एवढंच न बघता मागच्या कागदाशी तुलना करा. कार्बन मोनॉक्साइड वाढत असेल तर पेट्रोल जास्त जातंय: फिल्टर, अडकलेला चोक, झिजलेली निडल. तो कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: मिसिंग, कमकुवत ठिणगी किंवा न मिटणारा व्हॉल्व्ह. मात्र मोजणी गरम इंजिनावर, नळी सायलेन्सरमध्ये नीट घालून झालेली हवी. नुसता नंबर प्लेटचा फोटो काढून दिलेला कागद निदानाला निरुपयोगी.

पुरात बुडालेली गाडी

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीपासून मुंबईच्या सखल वस्त्यांपर्यंत हा प्रसंग येतो. पाण्यातून काढलेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मग चावी बंदच ठेवून प्लग काढा आणि किक हाताने हळू दाबून पाणी बाहेर काढा. फिल्टर, कार्ब्युरेटरची वाटी आणि टाकी रिकामी करून वाळवा. खालचं बुच उघडून ऑइल काढा, नवं भरा, थोडा वेळ इंजिन चालवून तेही बदला. दुधाळपणा जाईपर्यंत ऑइल बदलत राहणं नव्या क्रँकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

जुनी चेतक किंवा आरएक्स १०० अजून जपणाऱ्यांना वरचं बहुतेक सगळं लागू आहे, टॅपेट सोडून. कारण या इंजिनांना तसे व्हॉल्व्हच नसतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या स्कूटरमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल हे रूढ प्रमाण आहे. कमी टाकलं तर पिस्टन धरतो, जास्त टाकलं तर प्लग काळा होतो. गाडी हळूहळू मंदावत गेली असेल तर सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी साठलेला कार्बन आधी बघा. निळसर धूर इथे थोडा असणारच, त्यावरून रिंगा बदलू नका.

कुठे थांबायचं

प्लग, फिल्टर, पाइप, केबल, बॅटरी, ऑइल, कार्ब्युरेटरची वाटी आणि जेट, जमलं तर टॅपेट, एवढं घरी करावं. हेड उघडणं, रिंगा, टायमिंग चेन, क्रँक आणि गिअरबॉक्स ही कामं अनुभवी मेकॅनिकची. त्यांना खास हत्यारं आणि नेमका टॉर्क लागतो. ब्रेकबद्दल शंका असेल तर प्रयोग करूच नका.

मेकॅनिककडे जाताना ‘गाडी बघा जरा’ म्हणू नका. ‘ठिणगी निळी आहे, पेट्रोलची धार सलग आहे, ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन वाढलं’ असं लिहून न्या. चांगल्या मेकॅनिकला ते आवडतं, आणि वाईट मेकॅनिकला नको ते पार्ट माथी मारणं अवघड जातं. काढलेले जुने पार्ट परत मागा आणि बिलावर कामाचा तपशील लिहून घ्या.

या रविवारी गाडी बंद पडायची वाट न बघता तासभर काढा: ऑइलची काडी बघा, प्लग काढून रंग पाहा, फिल्टर झटका, पेट्रोलच्या पाइपावर बोट फिरवा आणि जे दिसेल ते तारीख व किलोमीटरसह एका वहीत लिहा. वर्षभराने तीच वही तुमच्या गाडीबद्दल कुठल्याही जाणकारापेक्षा जास्त सांगेल.